प्रुंगच्या वाट्याचा घास

लमून म्हणजे आमच्या भाषेत मऊ, नाजूक. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच. लमूनताईइतकी फटकळ होडीवाली आमच्या थोनबुरीच्या सगळ्या कालव्यांत शोधून सापडायची नाही. हे मी उगाच म्हणत नाही. बत्तीस वर्षं मी कालव्याच्या दारावर बसलो आहे आणि या पाण्यावरून जाणारं प्रत्येक तोंड मी बघितलं आहे. बहुतेक बघण्यासारखी नव्हती.

नदीला भरती-ओहोटी असते. ते पाणी आतल्या कालव्यांत घुसू नये म्हणून दोन लोखंडी दारं आहेत आणि मध्ये एक हौद. होडी हौदात शिरली की घंटा वाजवते. मी मागचं दार लावतो, पाणी सोडतो, होडी वर किंवा खाली जाते, मग पुढचं दार उघडतो. दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढा वेळ होडीतल्या लोकांना माझ्याकडे आणि मला त्यांच्याकडे बघण्यावाचून गत्यंतर नसतं. त्यातून माझा माणसांवरचा विश्वास उडाला असेल तर त्यात माझा दोष नाही.

आणि पाणी! माझी आई हे पाणी प्यायची. रांजणात तुरटी फिरवून ठेवायची आणि सकाळी नितळ पाणी निघायचं. आता त्या पाण्यावर रबरी चपला, दुधाच्या पिशव्या, एकदा तर अख्खी गादी तरंगत आली. तिच्यावर घोरपड बसलेली, तोंडात कोंबडीचं आतडं. शनिवारी-रविवारी शहरातले लोक कालवे बघायला येतात. गोड कॉफी पितात, पेला पाण्यात टाकतात आणि म्हणतात, "किती शांत आहे ना इथे!" देवळासमोर मासे पकडायला बंदी आहे, म्हणून तिथे मांडीएवढे मासे जमतात. त्यांना पाव टाकला की पुण्य मिळतं. शिळा पाव, बुरशीचा पाव, सगळं पुण्यच. लमूनताई तिथून होडी नेताना गिऱ्हाइकांना सांगायची, "हे मासे नाहीत, पावाची पोती आहेत. ह्यांच्याकडे बघून मला जेवण जात नाही."

तिची होडी सागवानाची, बापाच्या वेळची, एका वल्ह्याची. बाकीच्यांनी इंजिनं लावली, शेपटीसारखा लांब दांडा आणि कानठळ्या बसवणारा आवाज. ताईने लावलं नाही. त्यामुळे इंजिनवाल्यांना जाता येत नाही अशा बारक्या कालव्यांत ती जायची. तीन माणसं बसवायची, त्याहून एक मांजरसुद्धा जास्त नाही. होडीच्या नाकाला फुलांची माळ आणि रंगीत फडकी बांधलेली. तिथे होडीची देवी बसते. त्या नाकावर कोणी पाय ठेवला तर ताई त्याला उतरवून द्यायची, मग तो कितीही मोठा साहेब असो.

लोक तिच्या होडीत जुनं शहर बघायला बसत आणि ती त्यांना संडास दाखवायची.

"डावीकडे बघा. तो निळा पाइप दिसतो? तो त्या बंगल्याचा. बंगला दीड कोटी बाथचा, पाइप फुकटचा."

"मावशी, पाण्यात हात घातला तर चालेल ना?"

"काल इथे मेलेलं कुत्रं होतं. आज दिसत नाही. कुठे गेलं ते मला माहीत नाही, म्हणून नका घालू."

गंमत अशी की लोकांना ते आवडायचं. परत यायचे, ओळखीच्यांना पाठवायचे. ताईला त्याचाही वीट होता. म्हणायची, "शिव्या खायलासुद्धा हल्ली होडी भाड्याने घेतात."

आता तिच्या नवऱ्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरून झालं. प्रुंग त्याचं नाव. दारुडा, खादाड आणि दिवसभर पायरीवर बसून दात कोरणारा. त्याला रोज एकच गोष्ट लागायची: कुजवलेल्या जवळ्याची चटणी आणि तळलेला छोटा बांगडा. आमच्याकडे सगळ्यांनाच ती आवडते, पण ताईला त्या चटणीच्या वासाने मळमळायचं. नाकाला फडकं बांधून ती खलबत्त्यात कुटायची आणि तोंडाने नवऱ्याचा उद्धार चालू. अकरा वर्षांपूर्वी प्रुंग मेला. लिव्हरने, आणखी कशाने? मला वाटलं, सुटली बिचारी. कुठली सुटते! आमच्यात मेलेल्याला जेवायला घालायचं ते भंतेंच्या हातून. सकाळी भंतेंच्या पात्रात त्याच्या आवडीचं वाढायचं, नंतर त्याचं नाव घेऊन पाणी सोडायचं, म्हणजे ते त्याला पोचतं. नाही वाढलं तर तो उपाशी राहतो आणि स्वप्नात येऊन मागतो.

"जिवंतपणी गिळलं, मेल्यावरही गिळतोय," ताई म्हणायची. पण अकरा वर्षांत एक सकाळ चुकली नाही. पहाटे उठून नाकाला फडकं बांधायचं, चटणी कुटायची, बांगडा तळायचा, केळीच्या पानात गुंडाळून केळीच्याच सोपटाच्या दोरीने बांधायचं. चव बघायची नाही. भंतेंना वाढायच्या अन्नाची चव आधी आपण घ्यायची नसते, आणि तशीही ती घेणार नव्हती. मग पायरीवर बसून वाट बघायची. सहा वाजता चान भंते छोटी होडी वल्हवत यायचे. ताई पान कपाळाला लावून पात्रात ठेवायची. नजर पात्रावर, त्याच्या वर नाही. बाईमाणसाने भंतेंच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नसतं, हे तिला आईने शिकवलं होतं.

गेल्या पावसाळ्यात चान भंतेंचे गुडघे गेले. त्यांचा विहार तिकडे वरच्या अंगाला, होडीने तासभर. बाकीचे भंते तरुण, ते रस्त्याने फिरतात. ताईच्या घराला रस्ता नाही. पायरीशी कोणी येईना. चार दिवस ती पान तयार करून बसली आणि चारही दिवस ते पान मांजरांनी खाल्लं. पाचव्या दिवशी दारावर आली तेव्हा चेहरा उतरलेला. ती म्हणाली, "भाऊ, विहारापर्यंत वल्हवत जाईन म्हणते. पण गेले तर सकाळचं गिऱ्हाईक जातं."

तेवढ्यात कोम्क्रित भेटला.

हा कोम्क्रित आमच्याच आळीतला. वय तीस, केसांना तेल, बोलण्याला त्याहून जास्त. नदीकडच्या तोंडाशी त्याने सुट्टीचा तरंगता बाजार लावला होता. गिऱ्हाईक यावं म्हणून नवीन टूम काढली: 'कालव्यावरचं भिक्षादान'. वेळ सकाळी दहा, म्हणजे शहरातल्यांची झोपमोड नको. एक भंते होडीतून येणार, लोकांनी कोम्क्रितच्याच टपरीवरून तयार ताट घ्यायचं, वाढायचं, फोटो काढायचा. ताईला तो म्हणाला, "मावशी, तुमची गिऱ्हाइकं इकडे आणा. तुमचं पानही इथेच वाढा. प्रुंगकाकांचंही पोट भरेल, तुमचंही."

ताईला तो आवडायचा नाही. पण प्रुंग उपाशी होता. आठवड्यातून दोन दिवस तरी त्याला मिळेल म्हणून ती गेली.

पहिल्याच दिवशी दान आटोपून तो 'भंते' कोम्क्रितबरोबर माझ्या दारातून गेला. डोकं तुळतुळीत, वस्त्र नवंकोरं, आणि भुवया जाड काळ्याभोर. आमच्याकडे भंते डोक्याबरोबर भुवयाही काढतात. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शिवाय हौदात होडी थांबली असताना त्याने सिगारेट पेटवली. मी बघितलं, त्याने बघितलं की मी बघितलं, आणि कोम्क्रितने मला एक थैली दिली.

"काका, हे शिजवलेलं आहे, परत विकता येत नाही. टाकून देण्यापेक्षा तुम्ही खा."

म्हणजे काय, ते लगेच समजलं. साबण, दूध, बिस्किटं अशी सुकी ताटं पात्रातून टपरीवर जाणार आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा विकली जाणार. एकच साबण दहा जणांना पुण्य देणार. ओकारी यावी असा धंदा. मला आली का? आली, खरंच आली. पण मी एकटा माणूस, बायको जाऊन सात वर्षं झाली, स्वतःच्या हातची खिचडी खाऊन जिभेला चव राहिली नव्हती. मी थैली उघडली. आत केळीच्या पानाची पुडी होती, सोपटाच्या दोरीची, दोन वेढे आणि वर उलटी गाठ.

आता मला शिव्या द्यायच्या असतील तर द्या. मी स्वतःला समजावलं की सगळ्याच म्हाताऱ्या अशीच गाठ मारतात. मारत नाहीत. तशी उलटी गाठ फक्त लमूनताई मारते, होडी बांधायची गाठ. मी ती बत्तीस वर्षं बघतो आहे. तीन महिने, बाजार भरेल त्या प्रत्येक दिवशी, अकराच्या सुमाराला मी प्रुंगचं जेवण जेवलो. ताई तेव्हा गिऱ्हाइकांना घेऊन बाहेरच्या कालव्यांत असायची, दोन वाजता परतायची. तोवर पान घोरपडीपुढे फेकलेलं असायचं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. त्यातलं कुत्रं मी. आंधळी मात्र ती नव्हती, तिने फक्त वर बघितलं नव्हतं.

एकदा दारावर थांबली असताना ती म्हणाली, "भाऊ, परवा प्रुंग स्वप्नात आला होता."

"काय म्हणतो?"

"बरगड्या दिसत होत्या. त्याच्या! ज्याच्या पोटावर मी परात ठेवली असती तर सरकली नसती. म्हणाला, लमून, भूक लागली."

"तू रात्री फणस खाल्ला असशील, ताई. गॅसची स्वप्नं असतात ती."

"हो, तेही असेल," ती म्हणाली. पण हसली नाही. "मी आता दोन बांगडे ठेवते."

आणि खरंच, पुढच्या बाजारापासून पुडीत दोन बांगडे येऊ लागले. दोन्ही मी खाल्ले.

मग तो रविवार आला. ताईच्या होडीत उत्तरेकडच्या पिष्णुलोक गावची एक शिक्षिका होती, पांढरी टोपी, हातात वही. तिने जुन्या शहराबद्दल बरंच वाचलं होतं, आणि पाण्याच्या वासाने तिला भोवळ आली. ताई दोन वाजता परतायची ती साडेअकरालाच परतली. ओहोटीची वेळ, नदी खाली गेलेली, कालवा वर. म्हणजे होडी तळाशी येणार आणि हळूहळू वर चढणार. मी हौदाच्या कडेला पाय सोडून जेवत होतो. घंटा वाजली. कोण आलं ते मी वाकून बघितलंच नाही. बटण दाबलं, मागचं दार लागलं, पाणी सुरू झालं.

आधी खालून आवाज आला. "आता तुम्ही पडून राहा, बाई. वर गेल्यावर जरा वारा लागेल. वर आमचा सांगुआनभाऊ असतो, त्याच्याकडे पाणी मागते. बाटलीतलं. ह्यातलं नाही."

पान टाकून द्यायला हवं होतं. पण माझ्या एका हातात अर्धा बांगडा आणि तोंडात घास. आधी तिची ताडपत्राची टोपी वर आली. मग कपाळ. मग डोळे माझ्या मांडीच्या उंचीला आले, आणि मांडीवर ते पान होतं.

पाणी थांबवता येत नाही. हौद भरेपर्यंत ती चढत राहिली. ती आधी पानाकडे बघत होती, मग बाजूला पडलेल्या दोरीकडे, मग दुसऱ्या बांगड्याकडे. बाजारात मान वाकवून टोपलीत बसवून विकतात तसला बांगडा, ताईने पाठीवर तीन चिरा दिलेला. ती नेहमी तीनच देते.

"हे तुझ्याकडे कुठून आलं?"

तोंडात घास होता. गिळला. आयुष्यात इतका जड घास मी गिळला नाही.

"कोम्क्रित देतो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि भंते?"

"तो भंते नाही, ताई. नदीपलीकडे कुठेतरी गाड्या धुतो."

"तुला कसं माहीत?"

"त्याला भुवया आहेत."

 होडी चढत होती. शिक्षिकेने डोळे उघडले, एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली.

"मी कधी वर बघितलं नाही," ताई शेवटी म्हणाली. "तीन महिने मी त्या गाडीधुव्याला कपाळ टेकवलं. सोड ते. पण तीन महिने प्रुंग उपाशी होता, भाऊ. मी तुला सांगितलं होतं, त्याच्या बरगड्या दिसतात. आणि तू म्हणालास, फणस."

 आमच्यात म्हणतात, दुसऱ्याच्या नावाने वाढलेलं जो खातो तो मेल्यावर भूत होतो, माडाएवढा उंच आणि तोंड सुईच्या नाकाएवढं, कायमचा भुकेला. लहानपणी मी या गोष्टीला घाबरायचो. त्या दिवशी मला तसं झालेलं चाललं असतं, पण ती बाई समोरून हलावी असं वाटत होतं. आणि पुढचं दार उघडायला अजून चार मिनिटं होती.

मला वाटलं, आता शिव्या देईल. तिच्या शिव्या मी ऐकल्या आहेत, त्यांना मी तयार होतो. तिने विचारलं ते वेगळंच.

"मीठ बरोबर होतं का?"

"काय?"

"मीठ रे. चटणीत. मी चव घेत नाही. अकरा वर्षं घातलं, कोणी सांगितलं नाही. तो तर सांगायला येत नाही, नुसतं मागायला येतो. तू तीन महिने खाल्लंस ना? मग सांग."

खोटं बोलावंसं वाटलं. पण त्या तोंडाने आणखी खोटं कसलं बोलणार?

"खारट होतं, ताई. दर वेळी. जास्तच खारट."

तिने मान हलवली. "मग बरोबर. त्याला तसंच लागायचं."

दार उघडलं. ती वल्हवत निघाली, पाणी मागितलं नाही. शिक्षिका बिचारी तशीच कोरड्या घशाने गेली.

पुढच्या शनिवारी ती नदीकडच्या बाजारात गेली, रिकामी होडी घेऊन. मी नव्हतो, पण ऐकलं सगळ्यांकडून. दहा वाजता भिक्षादान सुरू झालं, लोक ताटं घेऊन वाकलेले, आणि ताई त्याच्या होडीला होडी लावून सरळ त्याच्या तोंडाकडे बघत बसली. बराच वेळ. मग मोठ्याने म्हणाली, "भुवया तेवढ्या काढायच्या राहिल्या रे, बाळा. वस्तरा आणून देऊ?" लोकांनी मान वर केली. एकाने ताट परत मागितलं, मग दुसऱ्याने. कोम्क्रित "मावशी, मावशी" करत धावत आला, आणि घाईत पाय ठेवला तो नेमका तिच्या होडीच्या नाकावर, माळेवर. तिने वल्ह्याने एक ढुशी दिली. तो त्या पाण्यात पडला. त्याच्या तोंडात किती गेलं ते मला माहीत नाही, पण आठ दिवस त्याला जुलाब होत होते. एवढी एक गोष्ट मी आनंदाने सांगतो.

आता ती रोज पहाटे पाचला दारावर येते. यंदाच्या नव्या नियमाने दार सातला उघडायचं असतं. मी पाचला उघडतो. तिथून तासभर वल्हवून ती विहारात जाते आणि चान भंतेंच्या खाटेशी पान ठेवते. सकाळचं गिऱ्हाईक गेलं. ती उशिरा निघते, लोकही उशिरा येतात, आणि निळा पाइप अजून दाखवते. एकदा एका गिऱ्हाइकाला सांगत होती, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "नवरा स्वप्नात यायचा बंद झाला. म्हणजे जेवला. जेवला की तो माझं तोंडसुद्धा बघत नाही."

माझ्याशी ती बोलत नाही. पण पहाटे होडी हौदात शिरून माझ्या पायांशी लागली की ती एक दुसरी पुडी काढते, छोटी, आणि कडेच्या दगडावर ठेवते. पहिल्या दिवशी मी विचारलं, "ताई, हे कोणासाठी?"

माझ्याकडे न बघता, वल्हं उचलत ती म्हणाली, "ज्यांना कोणी वाढत नाही अशा भुतांसाठी."

ती वळणाआड गेली. मी त्या पुडीकडे बघत बसलो. दोन वेढे, वर उलटी गाठ. मुंग्या यायला लागल्या होत्या, खाली घोरपड वाट बघत होती. मला माझी इतकी किळस आली की या कालव्याचीसुद्धा कधी आली नव्हती. आणि तोंडाला पाणी सुटलं होतं.

गाठ सोडली आणि खाल्लं. खारटच होतं.